सहदेव घाडींचं यंत्र आणि टिपणिसांच्या दूर्वा

सहदेव घाडींनी सत्तावीस वर्षं बिस्किटांत खिळा शोधला. सापडला एकदाच, आणि तोही खिळा नव्हता, स्क्रू होता.

नोकरीच तशी होती. कांदिवलीच्या एका कारखान्यात बिस्किटांचे पुडे पट्ट्यावरून सरकत यायचे आणि एका चौकोनी कमानीखालून जायचे. त्या कमानीत धातू ओळखणारं यंत्र बसवलेलं. पुड्यात लोखंडाचा कण जरी असला तरी ते किंचाळायचं आणि पुडा बाजूला ढकलून द्यायचं. सहदेव त्या यंत्राचे राखणदार. दर तासाला लोखंड, पितळ आणि स्टीलची एकेक बारीक गोळी पुड्याला चिकटवून कमानीखालून पाठवायची, यंत्र ओरडतंय ना ते बघायचं आणि वहीत बरोबरची खूण करायची. सत्तावीस वर्षांत हजारो वेळा ते यंत्र ओरडलं, आणि स्क्रूचा अपवाद सोडला तर प्रत्येक वेळी सहदेवांनीच टाकलेल्या गोळीला ओरडलं. दुसरा कोणी असता तर कंटाळून मेला असता. सहदेवांना मात्र त्या आवाजाचा लळा लागला. लोखंडाचा आवाज खरखरीत, पितळेचा गोल, असं ते सांगत. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच कर्कश वाटत. या नोकरीने त्यांना दिलेली दुसरी गोष्ट म्हणजे बिस्किटांचा तिटकारा. आजही कोणाकडे गेले की चहा घेतात, बशी मात्र हळूच परत सरकवतात.

वडील परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घाडी कुटुंब दहिसरच्या चाळीत आलं. त्या चाळीच्या जागी आता टॉवर उभा आहे आणि सहदेव नवव्या मजल्यावर राहतात. निवृत्त झाले तेव्हा मस्कतला असलेल्या मुलाने, देवेशने, फोनवर विचारलं, "बाबा, काय आणू?" विमलाताईंनी मागून ओरडून मिक्सर सांगितला. सहदेवांनी मेटल डिटेक्टर सांगितला. देवेश आज्ञाधारक मुलगा. बॅगेच्या वजनात एकच बसत होतं, त्याने बापाचं ऐकलं. विमलाताई अजून पाट्यावर वाटण वाटतात आणि प्रत्येक वाटणाला एकदा तरी त्या यंत्राचा उद्धार करतात.

लांब दांडा, टोकाला ताटलीएवढं चाक, वर छोटा पडदा, कानाला हेडफोन. शिवाय जवळून शोधायला गाजराएवढी एक छोटी कांडी. हे सगळं क्रिकेटच्या किटबॅगेत भरून सहदेव दर बुधवारी मार्व्याहून तरीत बसतात आणि मनोरीला उतरतात. शनिवार-रविवारच्या सहली येऊन गेलेल्या असतात, वाळू निवांत पडलेली असते. सहदेव चाक डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत चालतात, एखाद्याने समुद्रकिनारा झाडायला घ्यावा तसे. मिळतं काय? बाटल्यांची बुचं, किल्ल्या, नाणी, चमचे. एकदा दोन चांदीचे दात असलेली कवळी मिळाली. तिच्या मालकाचा पत्ता लावायला त्यांना पाच आठवडे लागले, आणि मालकाने तोवर नवी बसवून घेतली होती.

"सोना शोधूक जातास नि बुचां घेवन येतास," विमलाताई म्हणतात. "ह्या बुचांका इकलास तरी मिक्सर येतलो!"

"बुचां इकूची नसतत गो," सहदेव शांतपणे सांगतात. "ती वाळूतून काढूची असतत. पोरांच्या पायाक लागतत."

पण सोनं सापडलंच नाही असं नाही. श्रेयस नावाच्या एका मुलाची साखरपुड्याची अंगठी मनोरीच्या वाळूत पडली होती. मित्रमंडळी दोन तास गुडघ्यांवर रांगत होती. सहदेवांनी सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, "अंगठी पडली तेव्हा काय करत होतात?"

"कबड्डी खेळत होतो, काका."

"मग खेळा."

"आत्ता?"

"आत्ताच. त्याच जागी, त्याच बाजूने. चल, तू चढाईला ये."

ती रडकुंडीला आलेली पोरं नाइलाजाने खेळायला लागली. तिसऱ्या चढाईला श्रेयस जिथे तोंडावर आपटला, तिथे सहदेवांनी यंत्र धरलं. वीतभर खाली अंगठी. सहदेवांचं म्हणणं असं की हरवलेल्या माणसाला "कुठे हरवलं" असं विचारू नये, त्याला ते माहीत असतं तर हरवलं असतं का? त्याला "काय करत होतात" ते विचारावं. नुसतं विचारूही नये, करून दाखवायला लावावं. अंगठी मिळाल्यावर पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. सहदेवांनी बक्षीस घेतलं नाही, चहा घेतला. बशी सरकवली.

तर अशा या माणसाकडे गेल्या भाद्रपदात नीला टिपणीस आल्या.

सहदेवांची मुलगी श्रुतिका बोरीवलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर बसते. नीलाताई नवऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट न्यायला आल्या होत्या, आणि रिपोर्ट हातात घेतल्यावर तिथेच बाकावर बसून रडायला लागल्या. श्रुतिकाने पाणी दिलं. "काकू, नुसतं बी-ट्वेल्व्ह कमी आहे. घाबरण्यासारखं काही नाही," असं ती सांगायला लागली, तेव्हा नीलाताईंनी मान हलवली आणि सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी श्रुतिका त्यांना घरी घेऊन आली.

गोष्ट अशी होती. टिपणिसांचा गणपती दोन भावांत पाळीने बसतो. एक वर्ष बोरीवलीला श्यामकांतांकडे, एक वर्ष मुलुंडला धाकट्या देवव्रतांकडे. मूर्ती दर वर्षी नवी, शाडूची. पण तिच्या डोक्यावर वाहायची सोन्याच्या दूर्वांची जुडी एकच. एकवीस पाती, करंगळीएवढी लांब, तारेने बांधलेली. दोघांच्या आईने स्वतःच्या बांगड्या मोडून ती घडवून घेतली होती. उत्तरपूजा झाली की घरच्या कर्त्याने दूर्वा उतरवायच्या, आणि नवरात्रातल्या पहिल्या रविवारी पुढच्या वर्षाचे यजमान जेवायला आले की त्यांच्या हाती द्यायच्या.

यंदा कर्ता श्यामकांत. वय एकाहत्तर. आयुष्य विमा कचेरीत गेलेलं, घरातल्या प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी लावणारा माणूस. त्यांनी पूजा सांगोपांग केली, आरती केली, आणि दूर्वा उतरवायला विसरले. मूर्ती शेल्या-फुलांसकट खाली गेली आणि सोसायटीच्या आवारातल्या टाकीत विसर्जित झाली. फुलं, शेला वर काढून घेतला. दूर्वा कोणाच्या लक्षातच आल्या नाहीत.

"मला कळलं ते फोटो बघताना," नीलाताई म्हणाल्या. "मूर्ती पाण्यात जातेय आणि डोक्यावर दूर्वा चमकतायत. आणि हे म्हणतात, मी कपाटात ठेवल्या. दिवसातून तीनदा कपाट उघडतात. पिशवी रिकामी बघतात, परत बंद करतात. मला काही बोलत नाहीत."

"त्यांना फोटो दाखवलात?" सहदेवांनी विचारलं.

"नाही हो. गेल्या वर्षभरात विसरणं वाढलंय. गॅस चालू राहतो, नावं आठवत नाहीत. मुलुंडला जाऊबाई म्हणाल्या, आता भावजींकडे बँकेची कामं देऊ नका. तोंडावर म्हणाल्या! तेव्हापासून यांनी शब्दकोडं सोडवणं बंद केलंय. पेपर नुसता धरून बसतात. आता हे कळलं ना, तर खुर्चीतून उठायचेच नाहीत."

विमलाताई चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. "तशोच दुसऱ्यो करून घातल्यो तर?" त्यांनी विचारलं.

"मनात आलं होतं. पण मग ते खूश होऊन म्हणतील, बघ, मी ठेवल्याच होत्या. आणि मी समोर उभी राहून हो म्हणणार? चाळीस वर्षांत खोटं बोलले नाहीये त्यांच्याशी. म्हणजे साडीच्या किमती सोडून."

पुढच्या रविवारी मुलुंडची मंडळी यायची होती. मध्ये सात दिवस. तेवढ्यात खऱ्या दूर्वा शोधायच्या आणि गुपचूप कपाटात ठेवायच्या, म्हणजे खोट्यांना खऱ्या म्हणावं लागणार नाही, नुसतं गप्प राहिलं की झालं, असा नीलाताईंचा बेत होता. सापडल्या नाहीत, तर रविवारी जेवणाच्या ताटावर श्यामकांतांना सगळ्यांदेखत कळणार होतं.

"टाकीतली माती कुठे गेली?" सहदेवांनी विचारलं.

इथे खरी गंमत होती. सोसायटी पर्यावरणवादी. अकरा घरचे गणपती टाकीत विरघळले, की ती माती फेकायची नाही, प्रसाद म्हणून घरोघरी कुंड्यांत वाटायची. त्रेचाळीस घरांना वाटून झाली होती. म्हणजे टिपणिसांच्या दूर्वा चार मजली दोन विंगांमधल्या कुठल्यातरी बाल्कनीत, कोणाच्यातरी कढीपत्त्याखाली होत्या.

दुसऱ्याच दिवशी सहदेव किटबॅग घेऊन बोरीवलीला पोचले. पहिल्याच बाल्कनीत यंत्राने असा टाहो फोडला की वरच्या मजल्यावरचं बाळ जागं झालं. बाल्कनीला लोखंडी ग्रिल, भिंतीत सळया, कपडे वाळत घालायच्या दांड्या. लोखंडाच्या पिंजऱ्यात बसून सोनं ऐकू येणार कसं?

"कुंड्या खाली आणायला हव्यात," सहदेव म्हणाले.

सोसायटीचे सेक्रेटरी जयवंत. त्यांना नीलाताईंनी विश्वासात घेतलं. जयवंतांचं पोट मोठं आणि त्यात गोष्टी राहतात. त्यांनी फळ्यावर लिहिलं : "प्रसादाच्या मातीत धातू आहे का, याची तपासणी गुरुवारी सकाळी दहा वाजता. कुंडी स्वतः आणावी." यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण लोकांनी त्याचा अर्थ आपापल्या आरोग्याप्रमाणे लावला. गुरुवारी आवारात त्रेचाळीसच्या जागी एकावन्न कुंड्या आल्या. आठ घरांनी बाजारातून आणलेल्या मातीचीही तपासणी फुकटात उरकून घ्यायचं ठरवलं होतं.

आवाराच्या काँक्रीटमध्येही सळया, म्हणून सहदेवांनी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकावर एक ठेवल्या, त्यावर एकेक कुंडी चढवली आणि कांडी खोचून कान लावला. रांग थेट फाटकापर्यंत.

"माझ्या पुदिन्यात किती टक्के निघालं?" स्वरदाताई नावाच्या निवृत्त शिक्षिकांनी विचारलं.

"पुदिना उत्तम आहे, बाई."

"पण आवाज आला ना!"

सहदेवांनी बोटाने माती उकरून केसाची पिन काढली. "ही तुमची?"

"अय्या! माझीच."

दोन तासांत निघालं ते असं : अकरा पिना, एक पंचवीस पैशांचं नाणं, तीन चमचे, एक घुंगरू आणि एका गृहस्थांची लेटरबॉक्सची किल्ली. ती कामवालीने हरवली म्हणून त्यांनी सहा महिन्यांपूर्वी घर डोक्यावर घेतलं होतं. आता ते ती खिशात घालून, कोणाकडे न बघता लिफ्टमध्ये शिरले. दूर्वा मात्र नाहीत. नीलाताई जिन्यापाशी उभ्या होत्या. एकावन्नावी कुंडी उतरली तेव्हा त्या तिथेच पायरीवर बसल्या.

सहदेवांनी हेडफोन गळ्यात अडकवला. "वहिनी, सोनं जड असतं. टाकीत ते तळाशी बसणार. तळाची माती सगळ्यात शेवटी निघते. शेवटची माती कोणाला मिळाली?"

"मला काय माहीत? माती यांनीच वाटली ना."

"श्यामकांतसाहेबांनी?"

"दर वर्षी तेच वाटतात."

"मग त्यांना विचारायला हवं."

"नको!" नीलाताई उठूनच उभ्या राहिल्या. "त्यांना कळू नये म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

"वहिनी, मी यंत्र धरून सगळी बोरीवली फिरेन," सहदेव म्हणाले. "पण माती त्यांच्या हातून गेलीय. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला ते ठाऊक नाही. आणि मी त्यांना काही सांगणार नाही. फक्त माती कशी वाटली तेवढं दाखवा म्हणेन."

नीलाताईंनी पदर खोचला. मग त्यांनीच वर जाऊन नवऱ्याला खाली आणलं.

श्यामकांत आले ते इस्त्रीच्या शर्टात, हातात घडी न मोडलेला पेपर. सहदेवांचं म्हणणं ऐकून कसनुसं हसले. "चुकीच्या माणसाला विचारताय. आमच्या डोक्याचं हल्ली काही खरं नसतं."

"डोकं नको, साहेब. बादली धरा," सहदेव म्हणाले आणि त्यांच्या हातात रिकामी बादली दिली.

श्यामकांत टाकीपाशी गेले, दोन पावलं चालले, थांबले. "ए विंग आधी की बी?" ते पुटपुटले. चेहरा पडायला लागला. जयवंत काहीतरी सुचवायला पुढे झाले, तेव्हा सहदेवांनी त्यांचा दंड धरून मागे ओढलं. मग बादली परत घेतली, नळाखाली काठोकाठ भरली आणि पुन्हा श्यामकांतांच्या हातात दिली.

बादलीचं वजन हाताला लागलं तसा त्यांचा उजवा खांदा खाली झुकला. डावा हात आपोआप कमरेवर गेला. आणि माणूस चालायला लागला.

"ए विंग आधी," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "तळमजल्यापासून वर. प्रत्येकाला दोन मग. स्वरदाबाई तीन मागतात, त्यांना दोनच द्यायचे. जयवंत, बाजूला व्हा, वाटेत काय उभे राहता?" जयवंत बाजूला झाले. त्यांच्या मागे सहदेव, सहदेवांच्या मागे नीलाताई. ए विंग झाली, बी झाली. "मग तळाशी गाळ उरतो. चिकट. तो कुंडीत घालण्यासारखा नसतो," असं म्हणत श्यामकांत इमारतीला वळसा घालून मागे गेले, पंपाच्या खोलीपलीकडे, जिथे सोसायटीतलं कोणी कधी फिरकत नाही. तिथे भिंतीलगत एक हातभर उंचीचं जास्वंदीचं रोप होतं. बादली खाली ठेवून श्यामकांत त्याच्याकडे बघत राहिले.

"हे मी लावलंय," ते आश्चर्याने म्हणाले. "नीला, हे मी लावलंय! गाळ इथे घातला."

सहदेवांचा हात कांडीवर गेला. वाकले असते तर दोन मिनिटांत काम झालं असतं, आणि दूर्वा मुठीत लपवून नीलाताईंना देताही आल्या असत्या. नीलाताई डोळ्यांनी तेच सांगत होत्या. सहदेवांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा जास्वंदीशी वाकलेल्या त्या माणसाकडे बघितलं, आणि कांडी श्यामकांतांच्या हातात दिली.

"साहेब, मुळापाशी धरा. ओरडली की सांगा."

कांडी ओरडली. श्यामकांतांनी बोटांनी माती उकरली. आधी तारेचं टोक आलं, मग पिवळं पातं. ते तसेच उकिडवे बसून राहिले.

"म्हणजे मी उतरवल्याच नव्हत्या," ते म्हणाले.

नीलाताईंनी पदर तोंडाला लावला.

"तुला ठाऊक होतं?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"महिनाभर ते रिकामं कपाट उघडतोय मी. मला वाटत होतं, ठेवल्याचं स्वप्नच पडलं की काय. वेड लागायची पाळी आली होती गं. नुसता विसरलोच होतो होय?" आणि त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की जास्वंदीची पानं हलली. मग जुडी शर्टाला पुसली, चष्मा कपाळावर चढवला आणि पाती मोजायला लागले. मोजून झाल्यावर पुन्हा मोजली.

"वीस आहेत."

"असू दे हो, वीस तर वीस," जयवंत म्हणाले. "मिळाल्या हे काय कमी आहे? कोण मोजतंय!"

"मी मोजतोय," श्यामकांत म्हणाले. "बसा खाली सगळे."

एकविसाव्या पात्याला सव्वा तास लागला. सहदेव, जयवंत आणि नीलाताई तिघांनीही दोनदा "राहू द्या" म्हटलं. श्यामकांतांनी ऐकलं नाही. माती मुठीमुठीने पेपरवर पसरायची, कांडी फिरवायची, मूठ बाजूला करायची. शेवटी पातं सापडलं ते मुळाच्या बेचक्यात, आणि ते श्यामकांतांनाच. सहदेवांनी त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातात कांडी देऊन स्वतः माती चाळली होती. घरी गेल्यावर ते विमलाताईंना म्हणाले, "माणूस माझ्यापेक्षा चिकट आसा." घाडींच्या घरात याहून मोठी शाबासकी नाही.

रविवारी मुलुंडची मंडळी आली. सहदेव आणि विमलाताईंनाही जेवायला बोलावलं होतं. पुरण झालं, विडे झाले, आणि श्यामकांतांनी लाल पिशवी धाकट्या भावजयीच्या, रेवतीच्या हातात ठेवली. नीलाताईंनी त्यांना आधीच सांगितलं होतं की काही बोलायची गरज नाही.

"मोजून घे," श्यामकांत म्हणाले. "एकवीस आहेत. आणि उत्तरपूजेनंतर आठवणीने उतरवा. यंदा मी विसरलो होतो. मूर्तीबरोबर पाण्यात गेल्या, मग चिखलात गेल्या, गुरुवारी उकरून काढल्या." आणि सहदेवांकडे हात करून त्यांनी बादलीपासून बेचक्यापर्यंत सगळी कथा सांगितली, एकही विंग न गाळता.

रेवती ऐकत राहिली. ही तीच, बँकेची कामं काढून घ्या म्हणणारी. तिने पिशवीचा बंद दोनदा ओढला, दोनदा सोडला.

"भावजी," ती म्हणाली, "तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे चांदीचा उंदीर गेला."

"कुठे गेला?" देवव्रतांनी विचारलं.

"पाण्यात. तुम्हाला नाही सांगितलं. तुम्ही पूजेत मांडता तो मी बाजारातून आणलेला दुसराच आहे."

"तरीच मला त्याची शेपटी वेगळी वाटत होती!" देवव्रत ओरडले. "मी डोळे तपासून आलो, रेवती! चष्म्याचा नंबर बदलून घेतला मी!"

श्यामकांत असे हसले की त्यांना ठसका लागला, आणि नीलाताई पाणी आणायला गेल्या त्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हसत राहिल्या, पाणी विसरूनच. बाहेर सहदेवांनी खुर्ची थोडी पुढे ओढली होती.

"वहिनी," ते रेवतीला विचारत होते, "उंदीर गेला तेव्हा तुम्ही नेमकं काय करत होतात?"